पुढचं कॅरिअर

माझ्या सायकलच्या चिमट्याला भोक नाही. सायकल घेताना ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती. चिमटा म्हणजे पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे ते दोन पाय. लोखंडी चिमट्याला खाली, चाकाच्या आसाजवळ, दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. त्यात स्क्रू बसवून मडगार्डची तार किंवा कॅरिअर अडकवता येतं. माझा चिमटा कार्बनचा आहे. कार्बनचं कापड राळेत भिजवून, एकावर एक थर बसवून तो केलेला असतो. हाताला हलका, दिसायला देखणा आणि पायापासून वरपर्यंत सपाट, गुळगुळीत. काही अडकवायचं म्हटलं तर जागाच नाही.

मला त्यावर कॅरिअर बसवायचं होतं, कारण मला सायकलवरून गावाला जायचं होतं. जोगेश्वरीहून मालवणच्या अलीकडे, किनाऱ्याकिनाऱ्याने, खाड्या बोटीने ओलांडत. मुलुंडला राहणारा माझा कॉलेजातला मित्र आणि मी हे बेत बरीच वर्षं करत होतो. मागच्या कॅरिअरवर बॅगा लावून पाहिल्या, तर माझे पाय मोठे असल्यामुळे पॅडल मारताना टाच बॅगेला लागायची. शिवाय ते कॅरिअर जुनं होतं, त्याचे जोड सुटायला लागले होते. म्हणून ते मी काढून टाकलं आणि पुढच्याच्या मागे लागलो.

आता दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती सोडून पहिली सांगण्यात अर्थ नाही. गणपतीच्या दिवसांत ऑफिसात मला आत बोलावून सांगितलं गेलं की आमचा खरेदी विभाग गुजरातला हलतोय. तरुण मुलं तिकडे जातील. माझ्या वयाच्या माणसांनी वर्षअखेरपर्यंत काम संपवून द्यावं. सांगणारा माणूस चांगला होता, त्याने चहा मागवला. मी तो प्यायलो, जागेवर आलो, अर्धवट राहिलेलं बेअरिंगचं कोटेशन पूर्ण केलं आणि घरी जाऊन आरतीला उभा राहिलो. घरी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही. विसर्जन झाल्यावर सांगू, असं मनाशी ठरवलं. मग विसर्जन झालं.

माझी बायको अंधेरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. सकाळी लवकर जाते, दुपारपर्यंत उभी असते. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या आहेत. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं होतं की हे उभं राहणं बंद करा. दसऱ्याच्या सुमारास एकदा जेवताना ती म्हणाली, “दिवाळी झाली की सोडते. तुझी नोकरी आहे तोवर निभेल. निभेल ना रे?”

“निभेल की,” मी म्हणालो.

मला वेळ मिळाला नाही, मी गोंधळलो, असं म्हणता येणार नाही. तिने विचारलं तेव्हा मी वाटीतली आमटी भातावर ओतत होतो, आणि ती आमटी संपेपर्यंत मला सांगता आलं असतं. शेजारी आई होती, म्हणून सांगितलं नाही. रात्री आई झोपली, पण तेव्हा बायको दमलेली होती. अशी कारणं मला रोज मिळत गेली.

त्या दिवसांत मी नवी नोकरी शोधत नव्हतो. मी कॅरिअर शोधत होतो. ऑफिसातून आलो की सायकल पुढच्या खोलीत उलटी करून ठेवायचो आणि तिच्याकडे बघत बसायचो. कार्बनच्या चिमट्याला पुढचं कॅरिअर कसं बसवायचं, याचे तीन-चार मार्ग आहेत. ते मला मुखोद्गत झाले होते. एक, कॅरिअर खालून चाकाच्या आसावर टेकवायचं आणि वरून चिमट्याच्या डोक्याला बांधायचं. म्हणजे वजन आसावर जातं, कार्बनवर नाही. दोन, चिमट्याच्या पायांना बाहेरून पट्ट्या आवळायच्या आणि त्यांवर कॅरिअर धरायचं. तीन, हे सगळं सोडून द्यायचं आणि हँडलला एक हलकी बॅग बांधायची. चार, चिमटाच बदलायचा.

मी आधी पहिला मार्ग करून पाहिला. मागवलेलं कॅरिअर माझ्या डिस्कब्रेकला अडायचं. परत पाठवलं. मग दुसरं मागवलं, पट्ट्यांचं. पट्ट्या म्हणजे गॅसच्या नळीला लावतो तसल्याच स्टीलच्या क्लिपा, जरा रुंद. त्यांच्याखाली मी जुन्या ट्यूबचा रबराचा तुकडा गुंडाळला आणि स्क्रू-ड्रायव्हरने आवळलं. कॅरिअर बसलं. मी बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, “छान. आता ही हॉलमधून हलणार कधी?”

बसलं, पण टिकेना. आरे कॉलनीतून एक चक्कर मारून आलो की क्लिप सैल वाटायची, कॅरिअर किंचित खाली सरकलेलं असायचं. मी पुन्हा आवळायचो. म्हणून तिसरंही मागवलं. ते घरी येईपर्यंत बायकोला सांगणार नव्हतो, कारण पार्सलांवरून तिने एकदा टोमणा मारला होता.

तर एका संध्याकाळी मी गॅलरीत उभा राहून मुलुंडच्या मित्राशी फोनवर बोलत होतो. गॅलरीच्या दाराच्या आत, खुर्चीत, माझी आई बसली होती. आई ऐंशीच्या पुढे आहे. वडील गिरणीत होते, ते गेल्यापासून ती आमच्याकडे असते. तिला कमी ऐकू येतं, म्हणजे टीव्हीचं ऐकू येत नाही आणि आमचं सगळं ऐकू येतं. मी मित्राला जे बोललो ते मला आठवतं, कारण नंतर ते वाक्य न् वाक्य माझ्यासमोर आलं.

मी म्हणालो, “मागचं कॅरिअर काढूनच टाकलं रे. जुनं झालं होतं, किती ओढणार. पण पुढचं बसेना झालंय. धरायला जागाच नाही कुठे. जबरदस्ती करायला गेलो तर तडा जाईल अशी भीती वाटते.” मग त्याने काहीतरी विचारलं, त्यावर मी म्हणालो, “नाही नाही, घरी काही बोललो नाहीये अजून.”

हे शेवटचं तिसऱ्या पार्सलाबद्दल होतं.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे माणसाचं करिअर आणि सायकलचं कॅरिअर यांचा उच्चार एकच. शाळेत ‘करिअर मार्गदर्शन’ असायचं त्यालाही आम्ही कॅरिअर मार्गदर्शनच म्हणायचो. आईला तर दोन्ही शब्द एकाच उच्चारात कळले. सायकलचा वडिलांमुळे आणि दुसरा नातीमुळे.

मी फोन ठेवून आत आलो तेव्हा बायको ओट्याशी लसूण सोलत होती. ती वर न बघता म्हणाली, “तू नोकरी सोडलीस?”

मला वाटलं, कळलं. ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन आला असणार. मी फ्रिजला टेकलो. तोंड उघडलं, आणि मी हो म्हणणारच होतो. म्हणजे नोकरी मी सोडली नव्हती, पण ‘हो’पासूनच सुरुवात झाली असती. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, “आई सांगतायत. फोनवर कुणाला तरी सांगत होतास म्हणे.”

मागून आई आली. “मी आयकलंय ना. मागला कॅरियर काढून टाकलंय, पुढला बसना नाय, घराक सांगूक नाय, असा सांगत होतो तो फोनार. गो, तू इचार तेका.”

मला एक क्षण लागला. मग मी हसलो. हसत हसत खाली बसलो. “अगं, सायकलचं कॅरिअर. ते बघ, हॉलमध्ये उलटं पडलंय ते.”

बायकोने एकदा हॉलकडे बघितलं, एकदा आईकडे. मग तीही हसायला लागली. लसणाच्या हातांनीच तिने डोळे पुसले, ते चुरचुरले, त्यावर आणखी हसली. “आई, तुम्ही पण ना. माझा जीव गेला असता आत्ता.”

“हसा माका,” आई म्हणाली. “माका कमी आयकाक येता, पण येडी नाय मी.” आणि ती खुर्चीकडे परत गेली.

माझं ते हसू खोटं नव्हतं. याचाच मला त्रास होतो. खोटं हसलो असतो तर ते बायकोला कळलं असतं, इतकी वर्षं ती मला ओळखते. मी सुटकेने हसलो होतो, खरोखर मनापासून. दार उघडलेलं होतं, ती स्वतः दारात उभी राहून मला विचारत होती आणि मी हसून ते लावून घेतलं.

ती गोष्ट मग सगळीकडे गेली. बायकोला गोष्ट सांगता येते, नकलेसकट. तिने आमच्या मुलीला फोनवर सांगितली. मुलगी बंगळूरला असते. तिने सायकलवर टाय लावून बसलेल्या माणसाचं एक चित्र काढलं, त्याखाली ‘बाबांचं पुढचं कॅरिअर’ असं लिहिलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. बायकोने लॅबमध्ये सांगितली. भाऊबीजेला घाटकोपरला तिच्या भावाकडे गेलो, तर चपला काढायच्या आत मेहुण्याने विचारलं, “काय भावोजी, पुढचं कॅरिअर बसलं का? की आपलं मागचंच बरं होतं?”

“बसतंय हळूहळू,” मी म्हणालो.

“बघा हां. तुमच्या वयाला बसणं कठीण.”

सगळे हसले. बायको सर्वांत जास्त हसली. करंजीचं ताट धरून उभी होती, ते तिला खाली ठेवावं लागलं. तिथेच तिने भावाला सांगितलं की सोमवारी ती लॅबमध्ये नोकरी सोडत असल्याचं पक्कं सांगणार आहे. भाऊ म्हणाला, “सोड बिनधास्त, ताई. भावोजी आहेत ना.” मी मान हलवली.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, मित्र आणि मी मनोरीला जायचं ठरवलं होतं. गावाला जायच्या आधीची चाचणी म्हणून. तिसरं कॅरिअर मी परत पाठवलं होतं, पट्ट्यांचंच ठेवलं होतं. एका बॅगेत तांदळाची पिशवी आणि दुसरीत पाण्याच्या बाटल्या भरल्या. मित्र मुलुंडहून पवईमार्गे आला, आरेतल्या नेहमीच्या टपरीवर आम्ही चहा घेतला, आणि गोरेगाव-मालाड करत मार्वेच्या धक्क्यावर पोचलो. बोटीत सायकली चढवल्या. माझी चढवताना बोटवाला म्हणाला, “काका, गॅसचा सिलिंडर भरलाय का काय?”

खरं म्हणजे बोटीत चढायच्या आधीपासून एक आवाज येत होता. कर्र असा, खड्ड्यातून गेलं की. तो नवीन नव्हता. दोन आठवड्यांपासून आरेच्या चढावर मला तो ऐकू यायचा. सुरुवातीला मी थांबून बघायचो, मग क्लिप आवळायचो, मग नुसतंच आवळायचो. नंतर कानात गाणी लावायला लागलो.

मनोरीला उतरून गावातला रस्ता संपल्यावर एक गतिरोधक लागला. त्यावरून गेलो आणि डावीकडची बॅग बोटभर खाली आली. मी उतरलो. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बसून क्लिप आवळायला लागलो. मित्र पुढे गेला होता, तो वळून आला. हा मित्र एका कारखान्यात तयार झालेले भाग तपासायचं काम करतो. सकाळ-संध्याकाळ वस्तूंतल्या खोडी शोधतो. त्यामुळे माणसांच्या खोडींकडे त्याचं फारसं लक्ष जात नाही.

“काय करतोयस?”

“सैल झालंय जरा.”

“आधी कधी आवळलं होतंस?”

“आज सकाळी.”

“आणि त्याआधी?”

“काल.”

तो खाली बसला. “थांब. सोड ते. बॅग काढ.”

बॅग काढली, क्लिप काढली, रबर सोलल्यासारखं बाजूला केलं. खाली चिमट्याच्या पायावर क्लिपच्या रुंदीचा खळगा पडला होता. काळ्या रंगावर केसासारखी एक पांढरी रेघ, पायाला अर्धा वळसा घालून गेलेली. मित्राने खिशातून नाणं काढलं आणि चिमट्यावर वरपासून खाली टकटक करत आला. वर टिक-टिक असा स्वच्छ आवाज येत होता. खळग्याजवळ तो थप झाला. त्याने पुन्हा करून बघितलं. पुन्हा थप.

“आवाज कधीपासून येतोय?” त्याने विचारलं.

“दोन आठवडे असेल.”

“आणि तू आवळत बसलास?”

“सैल होत होतं म्हणून.”

“सैल नव्हतं होत रे ते. आतून चिमटा चेपत होता, म्हणून क्लिप सैल लागत होती तुला. तू आवळलंस की आणखी चेपणार. मग आणखी सैल.” तो उठला. “लोखंड असतं तर वाकलं असतं, दिसलं असतं. हे वाकत नाही, बाहेरून झकास दिसतं आणि एका दिवशी सरळ दोन तुकडे. उतारावर गेलं असतं तर दात वेचत बसलो असतो तुझे.”

“आता?”

“आता काय, वाट लागली. चालत चल. बसायचं नाही ह्याच्यावर.”

आम्ही सायकली ढकलत धक्क्याकडे परत निघालो. ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला बोंबील वाळत घातले होते, त्यांचा वास सगळीकडे भरला होता. मित्र मधूनमधून माझ्या चिमट्याकडे बघत होता. मग त्यालाच राहवलं नाही. ती गोष्ट मी त्यालाही सांगितली होती. “वहिनींना काय सांगशील? पुढचं कॅरिअर गेलं म्हणून?”

एरवी मी हसलो असतो. हसायला तोंड उघडलंही, पण हसू आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. “काय रे? सायकलच आहे यार. लोखंडी चिमटा घाल. माझ्याकडे पडलाय एक, भोकं असलेला.”

मला त्याला सांगून टाकावंसं वाटलं. फार सोपं होतं. रस्ता मोकळा होता, तो माझा जुना मित्र होता, आणि तो मला काही बोलला नसता. पण बायकोच्या आधी त्याला सांगितलं असतं तर तेही मला नंतर तिला सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, “घरी सांगायचंय एक. सायकलचं नाही.” तो म्हणाला, “बरं.” आणि त्याने पुढे काही विचारलं नाही.

मार्वेला उतरल्यावर मी रिक्षा केली. पुढचं चाक काढून मांडीवर घेतलं, सायकल मागच्या सीटवर आडवी घातली, उरलेल्या कडेवर मी आणि तांदळाची पिशवी पायाशी. रिक्षावाला सबंध रस्ता आरशातून बघत होता, सीट फाटेल म्हणून. मी वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य ‘मी’ने सुरू होत नव्हतं. ऑफिसात असं झालं, विभाग हलवतायत, वर्षअखेरपर्यंत म्हणाले. जोगेश्वरी आली तेव्हा मी जुळवणं सोडून दिलं.

बायको हॉलमध्ये इस्त्री करत होती. दुसऱ्या दिवशीचा लॅबचा पांढरा कोट. आई मटार सोलत होती. मी सायकल भिंतीला टेकवली, चाक खाली ठेवलं.

“काय झालं? पडलास?” बायकोने विचारलं.

“नाही. तू उद्या लॅबमध्ये सांगू नकोस.”

“काय?”

“सोडतेय म्हणून सांगू नकोस. माझी नोकरी जातेय. वर्षअखेरपर्यंतच आहे. मी तुला सांगितलं नाही.”

तिने इस्त्री उभी ठेवली. बटण बंद केलं, प्लग काढला, वायर गुंडाळली. हे सगळं तिने नेहमीसारखंच सावकाश केलं.

“कधी कळलं?”

“गणपतीत.”

“मी निभेल ना विचारलं, तेव्हा?”

“माहीत होतं.”

“भाऊबीजेला?”

“हो.”

ती कोटाकडे बघत होती. मग म्हणाली, “आणि लसूण सोलत होते त्या दिवशी? मी तोंडावर विचारलं तुला.”

“तेव्हाही माहीत होतं.”

मला वाटलं होतं ती नोकरीबद्दल बोलेल, पुढे काय ते विचारेल. मी त्याची उत्तरं तयार ठेवली होती, अर्धवट का होईना. ती म्हणाली, “मी किती लोकांना सांगितलं रे ते. नकला करून करून. आईंची नक्कल केली मी. लॅबमध्ये सगळ्या हसल्या. तू तिथे भावाकडे बसला होतास आणि मी सांगत होते, तू ऐकत होतास.”

तिने कोट घडी घालून बाजूला ठेवला.

“म्हणजे आई बरोबर बोलत होत्या, आणि मी त्यांनाच हसले.”

आई मटार सोलत होती. तिने ऐकलं होतं, ते तिच्या मंदावलेल्या हातांवरून कळत होतं. “मी बरोबरच आयकलंय,” ती म्हणाली, पण जिंकल्यासारखं नाही, स्वतःशीच. मग मला म्हणाली, “झिला, पाणी पी आधी. उन्हातना इलंस.”

बायको आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. चेहरा धुतलेला होता. “पायाचं बघू,” ती म्हणाली. “बसून करायचं काम मागून बघते तिथे. पण एक तू करायचंस. ज्यांना ज्यांना मी ती गोष्ट सांगितली, त्यांना तू फोन कर. एकेकाला. तो विनोद नव्हता म्हणून सांग. मी नाही सांगणार.”

“ग्रुपवर लिहू का?”

“नाही. ग्रुपवर हसले ते. तू बोलून सांग.”

मी आयुष्यात बरीच कठीण कामं केली असतील, पण सांगितलेला विनोद परत घेण्याइतकं कठीण दुसरं आठवत नाही. मी आधी मुलीला फोन लावला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आईला कधी सांगितलंस?”

“आत्ता. दुपारी.”

“बाबा, मी ते चित्र काढलं होतं.”

“हो.”

“काढून टाकू का ग्रुपवरून?”

मी जरा विचार केला. “राहू दे. चित्र चांगलं आहे.”

मग मेहुण्याला. त्याने फोन उचलला तोच हसत. “बोला भावोजी. बसलं वाटतं कॅरिअर, म्हणून फोन.”

“नाही. ऐक जरा. ते खरं होतं.”

“काय खरं होतं?”

“आई म्हणाली ते. सायकलचं होतं, पण नोकरीचंही होतं. माझी नोकरी जातेय, आणि मला तेव्हा माहीत होतं.”

तिकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. “ताई कुठे आहे?” त्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता आणि तो बदलणं बरोबरच होतं. “तिला दे.” बायकोने मान हलवून नको म्हणून सांगितलं. “नंतर करते म्हणाली,” मी म्हणालो. “भावोजी, तुम्ही तिला सोड म्हणू दिलंत मला.” मी हो म्हणालो.

असे फोन मी सोमवारी, मंगळवारी केले. काही जणांना आधी गोष्ट आठवावी लागली. एका मामेबहिणीला ती माहीतच नव्हती. तिला आधी विनोद सांगावा लागला, तो ऐकून ती हसली आणि मग पुढचं सांगावं लागलं.

मित्राने लोखंडी चिमटा आणून दिला. तो जड आहे आणि त्याचा हिरवा रंग सायकलच्या काळ्याशी जुळत नाही. त्याला खाली दोन्ही बाजूंना भोकं आहेत. माझ्या वडिलांच्या सायकलला होती तशीच. कॅरिअर चहा निवायच्या आत बसलं. गावाला जायचा बेत मित्राने परत काढला नाही, मीही नाही. नोकरीसाठी दोन ठिकाणी जाऊन आलो आहे. एका ठिकाणी तर मुलाखत घेणारा माझ्या मुलीच्या वयाचा होता. काय होतं ते बघू. घरी आल्यावर मी सगळं सांगतो, विचारलं नाही तरी. बायको कधी ऐकते, कधी म्हणते, “कळलं रे.”

लॅबने तिला अजून बसून करायचं काम दिलेलं नाही. सकाळी मी तिला मेट्रोपर्यंत सोडायला जातो. तिची बॅग आणि डबा पुढच्या कॅरिअरवर बांधतो, ती चालते आणि मी शेजारून सायकल ढकलतो. तेवढाच खांद्यावरचा भार कमी. परवा कोपऱ्यावर तिच्या लॅबमधली एकजण भेटली, रजेवरून आलेली. मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिने सायकलकडे बघितलं, कॅरिअरकडे बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. “अगं, हेच का ते? पुढचं कॅरिअर?”

तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून तिला फोन झाला नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं. पण बायको माझ्या आधी म्हणाली, “हसू नकोस. चल, तुला सांगायचं राहिलंय.” आणि तिच्या दंडाला धरून ती मेट्रोच्या जिन्याकडे चालायला लागली. दोघी डोकं जवळ घेऊन बोलत होत्या. मला काही ऐकू येत नव्हतं. ती बाई एकदा मागे वळून माझ्याकडे बघून गेली.

बॅग कॅरिअरवरच राहिली होती. मी हाक मारली. बायको तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून परत आली, मी दोरी सोडत होतो तोवर उभी राहिली. गाठ घट्ट बसली होती.

“एवढं कशाला आवळतोस,” ती म्हणाली. बॅग घेतली आणि गेली.